दहा हजारात कॅमेऱ्याचं सामान: आधी काय घ्यायचं, काय सोडायचं

कॅमेऱ्यावरचा आपला व्हिडिओ पाहून परवा एक पोरगा कोंढ्याच्या दुकानात आला. सेकंडहँड कॅनन १५००डी घेतलेला, सोबत किट लेन्स. मोबाइलवर त्याने मला एक कॉम्बो किट दाखवलं. त्यात ट्रायपॉड, बॅग, तीन फिल्टर, वाइड कन्व्हर्टर, ब्रश, रिमोट, आणखी काय काय. म्हणे, "दादा, एवढ्या पैशात एवढं सगळं येते. घेऊन टाकू का?"

मी विचारलं, "येत्या दोन महिन्यांत तुझ्याकडे काम कोणतं आहे?"

काम होतं. अड्याळकडे एक लग्न, आणि दिवाळीनंतर मंडईतल्या दोन नाटकांचे फोटो-व्हिडिओ. खिशात दहा हजार. मग मी त्याला म्हटलं, किट बाजूला ठेव, आधी ही दोन कामं डोळ्यासमोर आण. तुम्हीही तसंच करा. सामानाची यादी कामावरून निघाली पाहिजे, ऑफरवरून नाही.

सगळ्यात आधी मेमरी कार्ड

याबद्दल मी जरा जास्तच बोलणार आहे, कारण यात माझे हात पोळलेले आहेत. माझ्या पहिल्या लग्नाच्या ऑर्डरला मी मोठ्या कंपनीचं लेबल असलेलं ६४ जीबीचं कार्ड निम्म्या भावात घेतलं होतं. सकाळच्या हळदीचे फोटो एकदम मस्त आले. घरी येऊन पाहतो तर वरमाला आणि मंगलाष्टकांच्या फायली नावाने दिसत होत्या, पण एकही उघडत नव्हती. रिकव्हरीवाल्याकडे गेलो, त्यानेही हात वर केले. मुलीच्या वडिलांना सगळे पैसे परत दिले. पैशांचं जाऊ द्या, त्या माणसाने मला एक शब्दही वाईट म्हटला नाही, हे जास्त लागलं. त्या सीझनला ठरलेली दुसरी दोन लग्नं हातची गेली ती वेगळी.

झालं काय होतं? कार्ड नकली होतं. आत जागा असते समजा ८ जीबी, पण कार्डातली चिप कॅमेऱ्याला सांगते ६४. खरी जागा भरेपर्यंत सगळं नीट चालतं. नंतर कॅमेरा लिहीत राहतो, फाइलचं नाव दिसतं, पण आतला डेटा कुठेच साठत नाही किंवा आधीच्याच डेटावर लिहिला जातो. म्हणून घरी दहा-वीस फोटो काढून कार्ड तपासलं तर काहीच कळत नाही.

तपासायचं कसं? विंडोजवर एचटूटेस्टडब्ल्यू नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर आहे, मॅक आणि लिनक्ससाठी एफ-थ्री. ते रिकामं कार्ड काठोकाठ भरतं आणि सगळं परत वाचून पाहतं. वेळ लागतो, लागू द्या. कार्ड घरी आलं त्याच दिवशी तपासा आणि पक्कं बिल मागूनच घ्या.

दुसरी गोष्ट वेगाची. पाकिटावर मोठ्या अक्षरात जो आकडा असतो तो बहुतेक वेळा कार्डावरून वाचण्याचा वेग असतो. आपल्याला हवा लिहिण्याचा. त्यासाठी कार्डावरची छोटी खूण बघा. व्ही३० म्हणजे सेकंदाला किमान ३० एमबी सलग लिहिण्याची हमी. १५००डी फुल एचडी व्हिडिओ काढतो, त्याला हे भरपूर झालं. यूएचएस-टू वगैरे महागडी कार्डं सुरुवातीच्या कॅमेऱ्यात घालून काही फायदा नाही, कॅमेऱ्याचा स्लॉटच तेवढा वेग घेत नाही.

आणि १२८ जीबीचं एक घेण्यापेक्षा ३२ किंवा ६४ ची दोन घ्या. या कॅमेऱ्यांना कार्डाचा स्लॉट एकच असतो. मंगलाष्टकं झाली की कार्ड बदला, भरलेलं कार्ड सॅकमध्ये नको, शर्टाच्या खिशात. सोबत एक जास्तीची बॅटरी. ती दुसऱ्या कंपनीची चालेल, पण मुख्य विधीच्या वेळी कॅमेऱ्यात कंपनीचीच ठेवा.

फ्लॅश की ५० एमएम?

दहा हजारात दोन्ही नवं घेतलं तर बाकी सगळं राहून जातं. इथेच काम बघून ठरवायचं.

झाडीपट्टीचं नाटक रात्री सुरू होतं ते पहाटेपर्यंत चालतं. तिथे फ्लॅश मारला तर कलाकाराचं लक्ष जातं, आणि मागून लोक ओरडतात ते वेगळं. मिळेल त्या स्टेजच्या उजेडात फोटो काढायचा. किट लेन्स झूम करून ५५ वर नेली की तिचं तोंड एफ ५.६ पेक्षा जास्त उघडत नाही. ५० एमएम एफ १.८ लेन्स त्याच्या जवळपास दहापट उजेड आत घेते. म्हणजे जिथे किट लेन्सला एक विसांश सेकंद शटर लागतं आणि नाचणारा नट पुसट येतो, तिथे हिला एक दोनशेअंश सेकंद पुरतो. फरक डोळ्याला लगेच दिसतो. ही लेन्स सेकंडहँड चांगली मिळते. काचेतून मोबाइलचा टॉर्च मारून बघा, आत कोळ्याच्या जाळ्यासारखं दिसलं तर ती बुरशी, घेऊ नका. निकॉन डी३५०० सारखा कॅमेरा असेल तर ५० एमएमची जुनी "डी" लेन्स टाळा, त्या बॉडीवर तिचा ऑटोफोकस चालत नाही. "जी" घ्या.

लग्नाला मात्र फ्लॅश लागतोच. पण गोडॉक्सच्या टीटी६०० सारखा साधा एकाच पिनचा मॅन्युअल फ्लॅश १५००डीवर लावून पेटत नाही, कारण त्याच्या हॉटशूला मधला संपर्क नसतो; कॅननसाठी बनवलेला, या कॅमेऱ्यावर चालणारा फ्लॅशच बघा. शहरातले यूट्यूबवाले सांगतात, छताकडे वळवून मारा. आपल्याकडे छत कुठे असतं? वर लाल-पिवळा मंडपाचा कपडा. त्यावर आपटून आलेला उजेड नवरीला लालेलाल करतो. त्यापेक्षा फ्लॅशला रबरबँडने पांढरा जाड कागद लावा. पाॅवर पूर्ण ठेवू नका, एक चतुर्थांशवर ठेवली की फ्लॅश लवकर भरतो. सेल चार्जिंगचेच घ्या. आणि घरात कुणाचा रीळच्या जमान्यातला फ्लॅश पडला असेल तर तो डिजिटल कॅमेऱ्यावर चढवू नका. काही जुन्या फ्लॅशचा ट्रिगर व्होल्टेज दोनशेच्या वर असतो, कॅमेऱ्याचं सर्किट जळू शकतं.

ट्रायपॉड रात्रभराच्या व्हिडिओसाठी हवाच. कॅमेरा, लेन्स आणि फ्लॅश मिळून साधारण किलोभर होतं, म्हणून निदान तीन किलो पेलणारा बघा. मधला दांडा वर ओढू नका, त्याला खाली सॅक लटकवा. धानाच्या बांधीत मंडप असेल तर पायांखाली फरशीचे तुकडे ठेवा, नाहीतर दोन तासांत फ्रेम तिरपी झालेली असते.

फिल्टरचं थोडक्यात सांगतो. कॉम्बोमधले ५८ एमएमचे फिल्टर किट लेन्सला बसतात, कॅननच्या ५० एमएम एसटीएमला ४९ चे लागतात. म्हणजे तेही वायाच. रिफ्लेक्टर म्हणून थर्माकोलची शीट चालते. पावसाळ्यात कॅमेरा कपाटात नको, घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेल टाकून ठेवा. काही जण डब्यात तांदूळ टाकतात. धानाचा जिल्हा आहे म्हणून कॅमेऱ्यालाही तांदूळच का? त्याची भुकटी लेन्सच्या रिंगमध्ये जाऊन बसते.

जाता जाता पोराने विचारलंच, "आणि वाघासाठी ६०० एमएम?" उमरेड-पवनी-कऱ्हांडला जवळ असल्यावर हा प्रश्न येणारच. मुद्राचं शिशू कर्ज काढायचं त्याच्या डोक्यात होतं. ते ५० हजारांपर्यंतच मिळतं, १५०-६०० ची नवी लेन्स त्याहून महाग, आणि वाघाच्या फोटोचं गिऱ्हाईक अजून एकही नाही. सफारीच्या दिवसापुरती नागपुरातून भाड्याने आण म्हटलं.

शेवटी त्याने दोन कार्डं, कार्ड रीडर, एक बॅटरी, ट्रायपॉड आणि जुनी ५० एमएम घेतली. उरलेले पैसे डब्याला आणि सिलिका जेलला. फ्लॅश लग्नापुरता माझ्याकडून भाड्याने नेणार आहे. लग्नाचा ॲडव्हान्स आला की स्वतःचा घेईल.

कार्डाची तपासणी स्क्रीनवर कशी दिसते ते पुढच्या व्हिडिओत दाखवतो. तोवर नुकतंच कार्ड मागवलं असेल तर ते परत करायची शेवटची तारीख बघून ठेवा.