काजळी, युरिया आणि चव्वेचाळीस नंबरचा रस्ता

आदिलाबाद जिल्ह्यातील डिझेल मोटारीचे आयुष्य दोन प्रकारच्या रस्त्यांत वाटले गेलेले असते : एकीकडे कापसाचा बाजार, जिनिंग, शाळा आणि दवाखाना यांच्यामधली चार-पाच किलोमीटरची ये-जा, तर दुसरीकडे उत्तरेस पैनगंगा ओलांडून पांढरकवड्यामार्गे सुमारे २०० किलोमीटरवरील नागपूरला आणि दक्षिणेस निर्मलमार्गे सुमारे ३०० किलोमीटरवरील हैदराबादला जोडणारा राष्ट्रीय महामार्ग ४४. जुन्या डिझेल इंजिनाला या दोहोंत फारसा फरक वाटत नसे. १ एप्रिल २०२० नंतर विकल्या गेलेल्या गाडीला मात्र तो चांगलाच जाणवतो, आणि तिची निगा राखण्याचे बहुतेक शास्त्र या एकाच फरकातून निघते.

त्या तारखेमागे सर्वोच्च न्यायालयाचा २४ ऑक्टोबर २०१८ चा निकाल आहे. त्यान्वये भारत स्टेज चार, म्हणजे बीएस-४ गाड्यांची विक्री थांबली आणि देशाने पाचवी पायरी गाळून थेट सहावीवर पाय ठेवला. डिझेल मोटारीने किलोमीटरमागे सोडावयाच्या नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा २५० मिलिग्रॅमवरून ८० वर आणि सूक्ष्म कणांची २५ वरून ४.५ वर आली. पंपावरच्या डिझेलमधील गंधकही दहा लाख भागांत ५० वरून १० वर आणावे लागले, कारण गंधकाने पुढची सारी उत्प्रेरक यंत्रणा निकामी होते. या बदलांचा खर्च लहान गाड्यांना पेलणार नाही असे पाहून मारुतीने डिझेल मोटारी बनवणेच सोडले.

उरलेल्या गाड्यांत इंजिन आणि सायलेन्सर यांच्या मध्ये एक छोटे रसायनगृहच बसले आहे. जळलेल्या वायूचा काही भाग पुन्हा इंजिनात सोडून ज्वलनाचे तापमान उतरवणारा ईजीआर व्हॉल्व्ह पूर्वीही असे. नवे महत्त्वाचे अंग म्हणजे डीपीएफ, अर्थात काजळीची गाळणी. चिनी मातीच्या जातीच्या, मधमाशांच्या पोळ्यासारख्या या ठोकळ्यात शेकडो बारीक नळ्या असतात आणि त्यांची तोंडे आलटून-पालटून बुजवलेली असल्यामुळे वायूला शेजारच्या नळीत शिरताना सच्छिद्र भिंतीतून झिरपावे लागते. काजळी अलीकडेच अडकते. ती साचत राहिली की गाळणीच्या अलीकडचा आणि पलीकडचा दाब यांतील तफावत वाढते, ती मोजणारा सेन्सर संगणकाला कळवतो, आणि संगणक ज्वलन उरकल्यानंतर थोडे जास्तीचे डिझेल सोडून गाळणीतील तापमान ६०० अंशांच्या आसपास नेतो, म्हणजे काजळी जळून जाते. यालाच रिजनरेशन म्हणतात. गाडी एका लयीत धावत असली तर हे काम पंधरा-वीस मिनिटांत उरकते आणि चालकाला त्याचा पत्ताही लागत नाही.

अडचण गाडी मध्येच बंद केली तर येते. थांबल्यावरही पंखा मोठ्याने फिरत राहणे, उभ्या गाडीची रेस नेहमीपेक्षा चढलेली असणे, तापलेल्या लोखंडाचा वास येणे, ही काम अर्धवट राहिल्याची चिन्हे होत. तेलंगणातील सर्वांत थंड जिल्ह्यांत गणल्या जाणाऱ्या आदिलाबादेत डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी इंजिन पुरते गरम होण्यापूर्वीच शाळा येते, आणि अशा फेऱ्यांत काजळी साचते ती साचतेच. मग डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो; तो गॅरेजचे बोलावणे समजण्याआधी पैनगंगेच्या पुलापर्यंत एका वेगाने जाऊन येणे हा बहुधा पुरेसा इलाज असतो. दिव्याकडे आठवडाभर काणाडोळा केला, तर मात्र इंजिनाची ताकद आपोआप कमी केली जाते आणि सर्व्हिस सेंटरमध्ये संगणक जोडून गाळणी जाळून घ्यावी लागते. उटनूर किंवा इंद्रवेल्लीकडे सागाच्या जंगलातून जाणाऱ्याने आणखी एक भान ठेवावे : रिजनरेशन चालू असलेली किंवा अर्धवट राहिलेली गाडी फाल्गुनातल्या वाळल्या पानांवर उभी करू नये, आणि जिनिंगच्या आवारात सांडलेल्या रुईवर तर मुळीच नाही.

जास्तीचे डिझेल सगळेच जळते असेही नाही. त्यातले थोडे सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळून इंजिन ऑइलमध्ये उतरते. म्हणून या गाड्यांत डिपस्टिकवरची ऑइलची पातळी घटण्याऐवजी वाढलेली आढळू शकते; ही वाढ धोक्याची खूण आहे, कारण पातळ झालेले ऑइल टर्बोच्या दांड्याला वंगण पुरवू शकत नाही. शिवाय ऑइल कमी राख सोडणाऱ्या जातीचेच लागते. काजळी जळते, राख जळत नाही. ती गाळणीत कायमची बसते. ऑइलमध्ये वाचवलेले हजार-बाराशे रुपये गाळणीच्या किमतीपुढे काहीच नव्हेत.

अनेक नव्या गाड्यांत याखेरीज एससीआर हा उत्प्रेरक असतो आणि त्यापुढे डेफ नावाचे द्रावण फवारले जाते. शुद्ध पाण्यात ३२.५ टक्के युरिया, एवढेच त्याचे घटक. उष्णतेने युरियाचा अमोनिया होतो आणि तो नायट्रोजन ऑक्साइडचे निरुपद्रवी नायट्रोजनमध्ये व पाण्यात रूपांतर करतो. कापसाच्या या जिल्ह्यात, जिथे प्रत्येक गोठ्यात ४५ किलोचे युरियाचे पोते असते आणि पेद्दपल्ली जिल्ह्यात रामगुंडमचा खत कारखाना उभा आहे, तिथे घरीच द्रावण बनवण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. पण शेतीचा युरिया २०१५ पासून निंबोळी तेलाचा लेप देऊनच विकला जातो; तो लेप आणि युरियातील इतर अशुद्ध घटक फवाऱ्याचे तोंड चोंदवतात व उत्प्रेरक मारतात. अनुदानाचे खत पिकाऐवजी टाकीत ओतणे हा गुन्हा आहे, तो वेगळाच. डेफ गोठते उणे ११ अंशांना, त्यामुळे आदिलाबादची थंडी त्याला बाधत नाही, ऊन बाधते. २५ अंशांत दीड वर्ष टिकणारे द्रावण ३५ अंशांत सहाच महिने टिकते, तेव्हा पत्र्याच्या शेडमध्ये कॅन साठवण्यात अर्थ नाही. महामार्गावरच्या ट्रकनाही डेफ लागते, म्हणून ते पंपावर सहज मिळते. लागेल तसे घ्यावे. टाकी पूर्ण रिकामी झाली तर बंद केलेली गाडी पुन्हा सुरूच होत नाही.

एवढ्या उपद्व्यापाला कंटाळून गाळणी पोकळ करून घेणारे आणि संगणकाची समजूत घालणारे कारागीर सर्वत्र भेटतात. मोटार वाहन कायद्याला असा फेरफार मान्य नाही, आणि त्यातून वाचलेला पैसा रस्त्याकडेच्या माणसाच्या फुप्फुसातून वसूल होतो. ज्याची गाडी आठवड्यातून एकदाही महामार्गाला लागत नाही त्याने पेट्रोलची गाडी घ्यावी, हा खरा उपाय आहे. जुनी बीएस-६ डिझेल गाडी घेणाऱ्याने, मग ती आदिलाबादची असो वा यवतमाळची, सौद्याआधी थंड सायलेन्सरच्या तोंडात बोट फिरवून पाहावे : गाळणी शाबूत असेल तर लाखभर किलोमीटरनंतरही बोट जवळजवळ स्वच्छ निघते, आणि काळे निघाले तर ती फुटलेली किंवा काढून टाकलेली असते.