जिल्हा परिषद कशी चालते? पाड्यावरच्या अंगणवाडीच्या निमित्ताने



मागील अंकात एका पाड्यावरच्या अंगणवाडीचे छायाचित्र छापले होते. अंगणवाडीला स्वतःची खोली नाही, म्हणून ती एका घराच्या ओटीवर भरते. ते पाहून मंडळीतील काही जणांनी विचारले, "आम्ही वर्गणी काढतो, तुम्ही एक खोली का बांधून देत नाही?" या आस्थेबद्दल मनापासून आभार. या प्रश्नाचे उत्तर जिल्हा परिषदेच्या कारभारात आहे. आपले बरेच वाचक मुंबईत राहतात. राज्यात जिल्हे 36 असले तरी जिल्हा परिषदा 34 च आहेत; मुंबई शहर आणि मुंबई उपनगर या जिल्ह्यांना ती नाही. महानगरपालिका किंवा नगरपरिषदेच्या हद्दीतले लोक तिच्यासाठी मतदान करत नाहीत. त्यामुळे ही संस्था अनेकांना नावानेच माहीत असते. म्हणून तिची ओळख थोडक्यात करून देते.

महाराष्ट्रात वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींनंतर 1961 साली जिल्हा परिषद व पंचायत समिती कायदा झाला आणि 1 मे 1962 पासून कारभार सुरू झाला. गावाला ग्रामपंचायत, तालुक्याला पंचायत समिती आणि जिल्ह्याला जिल्हा परिषद अशा तीन पायऱ्या ठरल्या. पुढे 73 व्या घटनादुरुस्तीने 1993 पासून या संस्थांना राज्यघटनेचा आधार मिळाला.

जिल्ह्याचा ग्रामीण भाग गटांमध्ये विभागलेला असतो. एका गटातून जिल्हा परिषदेचा एक सदस्य निवडून येतो. प्रत्येक गटाचे दोन गण असतात आणि एका गणातून पंचायत समितीचा एक सदस्य. म्हणून मतदार एकाच दिवशी दोन मते देतो. पालघर जिल्ह्याचे उदाहरण घ्या. 2020 च्या निवडणुकीत तेथे 57 गट आणि आठ तालुक्यांत मिळून 114 गण होते. निम्म्या जागा महिलांसाठी राखीव असतात, आणि अनुसूचित जमातींना लोकसंख्येच्या प्रमाणात जागा मिळतात. वारली, कोकणा, कातकरी, ठाकर घरांतील माणसे सभागृहात बसतात ती या तरतुदीमुळे.

निवडून आलेले सदस्य आपल्यातून अध्यक्ष व उपाध्यक्ष निवडतात. अध्यक्षपदाची मुदत अडीच वर्षे असते. शिक्षण, आरोग्य, बांधकाम, कृषी, समाजकल्याण, महिला व बालकल्याण अशा विषयांच्या समित्या असतात. पंचायत समित्यांचे सभापतीही जिल्हा परिषदेचे सदस्य असतात. आमदार-खासदार मात्र नसतात. कारभार चालवतात मुख्य कार्यकारी अधिकारी, ज्यांना सगळे सीईओ म्हणतात. तालुक्याला त्यांचे काम गटविकास अधिकारी पाहतात. थोडक्यात, काय करायचे ते सदस्यांनी ठरवायचे आणि नियमात बसवून अधिकाऱ्यांनी ते करायचे. सर्वसाधारण सभेत सदस्य उभा राहून "माझ्या गटातल्या उपकेंद्रात परिचारिका का नाही?" असे विचारू शकतो, आणि त्याला उत्तर द्यावे लागते.

आमच्याकडे येणाऱ्या माणसांची पायपीट बहुतेक वेळा चुकीच्या दारापासून सुरू होते. प्राथमिक शाळा, अंगणवाडी, प्राथमिक आरोग्य केंद्र व उपकेंद्र आणि गावाला जोडणारे छोटे रस्ते हे जिल्हा परिषदेकडे असतात. आश्रमशाळा मात्र राज्याच्या आदिवासी विकास विभागाच्या. त्यासाठी जव्हार किंवा डहाणूसारख्या ठिकाणच्या प्रकल्प कार्यालयात जावे लागते. ग्रामीण रुग्णालयही राज्य सरकारचे. रेशनकार्ड आणि जातीच्या दाखल्याची कामे महसूल खात्याकडे, म्हणजे तहसील कचेरीत सुरू होतात. एक दिवसाची मजुरी बुडवून, एसटीचे भाडे भरून तालुक्याला गेलेल्या बाईला "हे आमच्याकडे नाही" एवढेच ऐकून परतावे लागले, तर ती पुन्हा जात नाही. योग्य दार आधीच सांगणे हे आमच्या कार्यकर्त्यांचे रोजचे काम आहे.

अंतराचाही प्रश्न असतो. 1 ऑगस्ट 2014 रोजी पालघर जिल्हा वेगळा होईपर्यंत मोखाडा-जव्हारच्या माणसाला जिल्ह्याच्या कामासाठी ठाण्याला जावे लागे. 1992-93 मध्ये जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी भागात कुपोषणाने बालके दगावली, तेव्हा हा सारा मुलूख ठाणे जिल्ह्यातच होता. डोंगरातल्या पाड्यावरची अंगणवाडी आणि तिथला सकस आहार यांना आमच्या लेखी इतके मोल का, हे त्या आठवणीतून समजावे.

आता खोलीकडे येऊ. आदिवासी भागात साधारण 300 ते 800 लोकवस्तीमागे एक अंगणवाडी असा निकष आहे. इमारत हवी असेल तर पहिला कागद ग्रामसभेचा ठराव. तो ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात यावा लागतो. मग प्रस्ताव पंचायत समितीमार्फत जिल्हा परिषदेच्या महिला व बालकल्याण विभागाकडे जातो. अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता आणि निधी मिळाला की काम सुरू. जिल्हा परिषदेचे स्वतःचे उत्पन्न थोडे असते. बराचसा पैसा राज्य आणि केंद्राच्या अनुदानातून येतो, आणि त्यातला मोठा भाग पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा नियोजन समितीतून वाटला जातो.

जागेचाही प्रश्न असतो, कारण पाड्याच्या भोवती बहुधा वनजमीन असते. पण 2006 च्या वनहक्क कायद्यात शाळा, अंगणवाडी, दवाखाना अशा सोयींसाठी, ग्रामसभेची शिफारस असल्यास, एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन देता येते. ही तरतूद गावात फारच थोड्यांना ठाऊक असते.

आम्ही देणगीतून परस्पर खोली बांधली, तर ती जिल्हा परिषदेच्या मालमत्तेत नोंदली जात नाही. दोन पावसाळ्यांनी पत्रा उडाला की दुरुस्तीला निधी कोठून मागायचा? शिवाय "इमारत आहे" असे समजून पाड्याचे नाव यादीतून गळू शकते. म्हणून आम्ही आधी ठराव, मग बांधकाम असा आग्रह धरतो. ग्रामसभेने मागितले आणि जिल्हा परिषदेने लेखी मान्यता दिली, तर देणगीतून भर घालता येते, आणि इमारत सर्वांची राहते.

छायाचित्रातल्या पाड्याचा ठराव मंजूर झाला आहे. आधी झालेल्या महिला सभेत हा विषय तिथल्या आयांनीच मांडला. ठरावाची प्रत पंचायत समितीत देऊन पोहोच घेतली आहे. पावसाळ्यापुरती ओटीला ताडपत्री आणि मुलांना चटया आपल्या देणगीतून दिल्या आहेत.

अनुसूचित क्षेत्रात ग्रामसभेच्या हाती आणखीही बळ आहे. 1996 च्या पेसा कायद्याने पाड्यालाही स्वतंत्र गाव म्हणून आपली ग्रामसभा भरवण्याची वाट खुली केली. आदिवासी उपयोजनेच्या निधीतील पाच टक्के रक्कम 2015 पासून थेट अशा ग्रामपंचायतींना देण्याची व्यवस्थाही राज्यात झाली. तो पैसा कशावर खर्चायचा हे गावाने बसून ठरवायचे असते.

एक गोष्ट काळजीची. या संस्थांची मुदत पाच वर्षांची आणि ती संपण्याआधी निवडणूक व्हावी, असे राज्यघटना सांगते. तरीही मार्च 2022 मध्ये राज्यातील बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत संपली, निवडणुका लांबल्या आणि तेथे प्रशासक बसले. अधिकारी चांगला असला तरी प्रशासकाच्या काळात गटाचा सदस्य नसतो, विषय समित्या नसतात, सभेत विचारणारे कोणी नसते. जिल्हा नियोजन समितीतही निवडून आलेल्या सदस्यांच्या जागा रिकाम्या राहतात. याचा फटका बसतो तो ज्याची वरपर्यंत ओळख नाही अशा पाड्याला.

आपल्यापैकी अनेकांची मूळ गावे ग्रामीण भागात आहेत आणि काहींची नावे अजून तिथल्या मतदार यादीत आहेत. गावी गेलात तर आपला गट कोणता, गण कोणता, ग्रामसभा कधी भरते एवढे जरूर विचारा. मंडळीत निवृत्त अभियंते, शिक्षक, कचेरीतले कारकून असतील, तर त्यांनी वर्षातले चार दिवस आमच्या कार्यकर्त्यांसोबत द्यावेत. अर्ज नीट लिहिणे, अंदाजपत्रक वाचणे, पोहोच घेणे आणि पाठपुराव्याची वही ठेवणे यासाठी आम्हांला माणसांची गरज आहे.