शिक्षकांचे पगार आणि माफ होणारं कर्ज

मार्च २०२०. अमेरिकेतल्या खासगी शाळांचे वर्ग बंद झाले, फीची खात्री राहिली नाही. पगार मात्र दरमहा द्यायचेच होते. तेव्हा सरकारने ‘पेचेक प्रोटेक्शन प्रोग्राम’ आणला. कर्ज बँकेचं, हमी सरकारची, व्याज १ टक्का. ५०० पर्यंत कर्मचारी असलेल्या, नफा न कमावणाऱ्या संस्थाही त्यात बसत, म्हणून शाळांना दार उघडलं. महिन्याच्या सरासरी पगारखर्चाच्या अडीचपट रक्कम मिळे. पगारावर २ लाख डॉलर जात असतील, तर कर्ज ५ लाख. त्यातले किमान ७५ टक्के (जूनपासून ६०) पगारावरच खर्च केले आणि माणसं कामावर टिकवली, तर सगळं कर्ज माफ.

वाद पेटला तो श्रीमंत शाळांवरून. मोठा राखीव निधी असलेल्यांनी पैसे परत करावेत, असं अर्थमंत्री स्टीव्हन म्नुचिन यांनी १ मे रोजी जाहीर सांगितलं. काहींनी केलेही. मला ते रास्तच वाटतं. पहिले ३४९ अब्ज डॉलर दोन आठवड्यांतच संपले होते, आणि गंगाजळी नसलेल्या छोट्या शाळेतल्या बसचालकाचा, सफाई कामगाराचा पगार याच पैशांवर अवलंबून होता.