हिरवळीचे खत आणि शहरातील भाजीचा मळा

पगार आणि बोनस यांवर बोलण्यात ज्याची हयात गेली, त्याने भाजीच्या वाफ्यावर बोलावे याचे काही श्रोत्यांना नवल वाटेल. शेतीचे शिक्षण आम्ही कोणत्याही विद्यालयात घेतलेले नाही. ट्रॉम्बेच्या एका कामगार वस्तीमागे आम्ही काही सोबत्यांनी दोन गुंठे जागेत वांगी, टोमॅटो, मुळा, मेथी लावली आणि चुकत चुकत जे शिकलो, तेवढेच येथे सांगावयाचे आहे.

पुस्तके चाळताना आम्हांला प्रथम भेटली ती थंड देशांतील रीत. तिकडे शरदात भाजी निघाली की मोकळ्या वाफ्यांत राय किंवा व्हेच यांसारखी पिके पेरतात. ती हिवाळाभर जमीन झाकून ठेवतात आणि वसंतात मातीत गाडली जातात. आम्हीही उत्साहाने हिवाळ्यातच ताग पेरला. तो गुडघाभर वाढला न वाढला तोच फुलावर आला; कारण दिवस लहान झाले की फुलायचे, हा त्याचा स्वभावच आहे. शिवाय आपल्याकडे हिवाळा हाच भाजीचा खरा हंगाम. ऐन हंगामात वाफे अडकून पडले ते निराळेच.

मग विचार केला, की तिकडे हिवाळ्यात जमीन झाकतात ती कशासाठी? पिकाविना उघडी पडलेली माती पावसाने वाहून जाते आणि तिच्यातील विरघळणारा नायट्रोजन पाण्याबरोबर खोल निघून जातो, म्हणून. हे नुकसान आपल्याकडे होते ते पावसाळ्यात. मुंबईच्या उपनगरांत वर्षाला सरासरी दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. म्हणजे थंड देशांचा जो हिवाळा, तो आमच्या मळ्याचा पावसाळा. रीत उचलायची तर तिचे कारण उचलावे, महिना उचलू नये. महात्मा फुल्यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. त्यात पावसाबरोबर वाहून जाणारे पालापाचोळ्याचे सत्त्व शेतातच मुरावे म्हणून ताली बांधण्याचा उपाय त्यांनी सांगितला आहे. दुखणे जुनेच आहे.

आता हिरवळीचे खत म्हणजे काय ते पाहू. ताग, धैंचा, चवळी ही शेंगावर्गातील झाडे. त्यांच्या मुळांवर बारीक गाठी असतात आणि त्या गाठींत राहणारे जिवाणू हवेतील नायट्रोजन झाडाला मिळवून देतात. १८८६ साली हेलरीगेल या जर्मन शास्त्रज्ञाने हे प्रयोगाने दाखवून दिले. आमच्या ट्रॉम्बेत १९६० च्या दशकात खतकारखाना उभा राहिला. १९७८ पासून तो राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्स या नावाने ओळखला जातो. तेथेही कच्चा माल तोच, हवेतील नायट्रोजन. त्याचा अमोनिया करण्यासाठी शेकडो अंशांची उष्णता आणि प्रचंड दाब लागतो. मुळावरील गाठ तेच काम मातीच्या गारव्यात करते. गाठ नखाने फोडून पाहावी. आत गुलाबी रंग दिसला तर काम चालू आहे असे समजावे. हिरवट वा करडी दिसली तर बंद पडले आहे.

धैंच्याचे पीक चांगले आले तर हेक्टरी साठ किलोंच्या आसपास नायट्रोजन जमिनीस मिळू शकतो. गुंठ्याच्या हिशेबाने हा सुमारे सव्वा किलो युरियाचा ऐवज झाला. एवढ्यासाठी इतका खटाटोप कशाला, असे कोणी विचारील. पण युरिया नायट्रोजन देतो, मातीला सेंद्रिय द्रव्य देत नाही. पाणी धरून ठेवणारी, भुसभुशीत आणि गांडुळांची माती पोत्यातून मिळत नाही.

रीत सोपी आहे. जूनच्या अखेरीस, पावसाची एक उघडीप साधून, गुंठ्याला अर्धा किलो बी फोकावे. निचऱ्याच्या जागेत ताग. पाणी साचत असेल किंवा खाडीकाठची खारवट जमीन असेल तर धैंचा. पन्नासेक दिवसांनी, फूल दिसू लागताच, कापून बारीक तुकडे करावेत आणि ओलीतच कुदळीने गाडावेत. दोन-तीन आठवडे कुजू द्यावेत आणि मग सप्टेंबरात रोपे लावावीत. हिवाळ्यात एखादा वाफा रिकामा राहिलाच तर त्यात चवळी पेरावी आणि कापून उन्हाळ्यापूर्वी तेथेच पसरावी. धैंच्याची एक आफ्रिकी बहीण आहे, सेस्बानिया रोस्ट्राटा. तिला खोडावरही गाठी येतात. तीही लहान दिवसांत लवकर फुलते. म्हणून आमच्या शेजारच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात गॅमा किरणांच्या साहाय्याने तिचा टीएसआर-१ हा वाण तयार करण्यात आला. लहान दिवसांतही तो वाढत राहतो.

एक चूक मात्र टाळावी. एका वर्षी तागाची पिवळी फुले पाहून वस्तीतील मुले हरखली आणि आम्हीही कापणी लांबवली. खोडे काडीसारखी कडक झाली. ती गाडल्यावर कुजविणाऱ्या जिवाणूंनी मातीतील होता तो नायट्रोजनही स्वतःसाठी ओढून घेतला, आणि आमची वांगी दोन महिने पिवळी पडून राहिली. आणखी एक इशारा: शहरातील जागा पुष्कळदा भरावाची असते. मातीत शिसे वा इतर जड धातू असतील तर हिरवळीचे खत ते नाहीसे करीत नाही. भाजी लावण्यापूर्वी माती तपासून घ्यावी.

एवढे सगळे ठाऊक असूनही आमच्या आसपासचे भाजीवाले ताग का पेरीत नाहीत? आम्ही त्यांना विचारले. उत्तर एकच आले, “पुढच्या साली जागा आमच्याकडे राहील कशावरून?” त्यांचे काय चुकले? हिरवळीच्या पिकाला बाजारात भाव नाही. दोन महिने जमीन अडते, बी आणि मेहनत खर्ची पडते आणि लाभ होतो तो पुढच्या हंगामात. ज्याला अकरा महिन्यांनी उठावे लागणार, तो मातीकडून ओरबाडून घेईल. तिच्यात काही गाडून ठेवणार नाही. कंत्राटी कामगाराला आपल्या यंत्राची माया का लागत नाही, याचे उत्तर आम्हांला कारखान्यात जे मिळाले तेच वाफ्यातही मिळाले.

आमची ती दोन गुंठे जागाही पुढे गेली. चार पावसाळे तागाने आणि धैंच्याने काळीभोर झालेली माती फरशीखाली गेली. त्याचे दुःख आहे, पण पश्चात्ताप नाही. म्हणून मोकळ्या जागा ज्यांच्या हाती आहेत त्या संस्थांकडे आमची मागणी एवढीच: भाजीसाठी वाफा द्याल तर तो निदान पाच वर्षांसाठी द्या. आणि ज्या श्रोत्यांजवळ गुंठाभर जागा खात्रीची आहे, त्यांनी यंदाच्या पावसाळ्यात ती उघडी ठेवू नये. मृग निघण्यास अजून अवकाश आहे. बी आताच आणून ठेवावे.