चढतो तो काटा, चरबी नव्हे

हल्ली शिक्षकांच्या खोलीत डबे उघडले की एकदोघांच्या डब्यात पोळी-भात नसतो. अंडी, पनीर, पालेभाजी, शेंगदाणे असे काही असते. पिष्टमय आणि साखरेचे पदार्थ, म्हणजे कर्बोदके, कमी करण्याचा हा आहार. पहिल्या आठवड्यातच वजन दोनेक किलो उतरते आणि माणूस खूष होतो. मग होळी येते. दोन पुरणपोळ्या, कटाची आमटी, भात. दुसऱ्या दिवशी काटा एक किलो वर! 'सगळे मुसळ केरात' म्हणून बरेच जण तिथेच आहार सोडून देतात. पण उतरलेले ते दोन किलो आणि चढलेला हा एक किलो नेमका कशाचा?

आपले शरीर ग्लुकोज ग्लायकोजेनच्या रूपात साठवते. प्रौढ माणसाच्या यकृतात सुमारे १०० ग्रॅम, स्नायूंत साधारण ४०० ग्रॅम. हा साठा कोरडा नसतो. दर ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर सुमारे ३ ग्रॅम पाणी असते. कर्बोदके तोडली की साठा खर्च होतो आणि पाणी लघवीवाटे जाते. इन्शुलिनची पातळी उतरल्यामुळे मूत्रपिंडे मीठही जास्त बाहेर टाकतात, त्याबरोबर आणखी पाणी जाते. म्हणजे पहिल्या आठवड्याचे कौतुक बरेचसे पाण्याचेच!

होळीला हेच उलटे घडते. जेवणातून २०० ग्रॅम कर्बोदके गेली आणि ती सगळी साठली असे धरले, तर सोबतच्या ६०० ग्रॅम पाण्यासह ८०० ग्रॅम झाले. आता चरबीचा हिशेब करू. शरीरातील एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७,७०० कॅलरी. तूप लावलेली एक पुरणपोळी ३०० कॅलरींची धरली, तर रोजच्या गरजेवर आणखी पंचवीस-सव्वीस पोळ्या खाल्ल्या तरच एक किलो चरबी चढेल. एवढ्या पैजेवरही कोणी खात नाही. दोन पोळ्यांच्या ६०० कॅलरी खोट्या नाहीत, पण त्या किलोभर चरबीच्या बाराव्या हिश्शाइतक्याही नाहीत.

खरे नुकसान होते ते त्यानंतर. १९७५ साली अमेरिकेत हर्मन आणि मॅक यांनी विद्यार्थिनींना मिल्कशेक पाजून मग आइस्क्रीम 'चाखायला' दिले. एरवी मनमोकळे खाणाऱ्यांनी मिल्कशेकनंतर आइस्क्रीम कमी खाल्ले. खाण्यावर सतत लगाम ठेवणाऱ्यांनी मात्र ते जास्त खाल्ले! नियम एकदा मोडला, मग आता कशाला आवरायचे, असा हा हिशेब. आम्हाला वाटते, आपल्याकडे यात उपासाची सवय मिसळते. उपास एका घासाने मोडतो. आहार तसा मोडत नाही, कारण शरीर कित्येक दिवसांची गोळाबेरीज करत असते. दुसऱ्या दिवशी प्रायश्चित्त म्हणून उपाशी राहणेही त्याच जातीचे. पुढचे जेवण नेहमीसारखे घेतले की जादा पाणी काही दिवसांत निघून जाते.

स्टॅनफर्ड विद्यापीठातील गार्डनर यांच्या गटाने २०१८ साली ६०९ जणांवरील वर्षभराचा प्रयोग प्रसिद्ध केला. कमी कर्बोदकांच्या गटाला सुरुवातीला दिवसाला २० ग्रॅमपर्यंत उतरायला सांगितले होते. पुढे, ज्याला जितके कायम पाळता येईल तितके वाढवायचे. वर्षअखेरीस त्यांचे प्रमाण सरासरी १३० ग्रॅमच्या आसपास आले होते. तरीही त्यांचे वजन सरासरी ६ किलोंनी घटले. कमी स्निग्ध पदार्थ खाणाऱ्या गटाचे ५.३ किलोंनी. हा फरक काही मोठा नाही.

मधुमेहावर इन्शुलिन किंवा गोळ्या घेणाऱ्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय कर्बोदके एकदम कमी-जास्त करू नयेत. रक्तातील साखर धोकादायक रीतीने उतरू शकते.

वर्गात एक सोपा प्रयोग करता येईल. एका विद्यार्थ्याचे वजन घ्या, त्याला अर्धा लिटर पाणी प्यायला द्या आणि लगेच पुन्हा वजन घ्या. काटा अर्धा किलो वर जाईल. तो जाडा झाला का, हे मुलांनाच विचारा.