जुहूचा विमानतळ : ऐकीव किती, खरे किती?

मुंबईत जुहू चौपाटीकडे जाताना भिंतीआडून अचानक एखादे हेलिकॉप्टर वर येते आणि रिक्षातला प्रवासी विचारतो, "इथे अजून विमानतळ आहे?" १९२८ साली सुरू झालेला हा देशातला पहिला नागरी विमानतळ. त्याच्याविषयी ऐकीव गोष्टी मात्र भरपूर.

गैरसमज : जेआरडी टाटांनी जुहूहून कराचीला पहिले प्रवासी विमान नेले.

वस्तुस्थिती : दिशा उलटी आणि प्रवासी एकही नाही. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जेआरडी कराचीहून पुस मॉथ हे एका इंजिनाचे छोटे विमान घेऊन निघाले, अहमदाबादला इंधन भरून दुपारी जुहूला उतरले. विमानात होती फक्त टपाल. ती पुढे मद्रासकडे नेली त्यांचे सहकारी वैमानिक नेव्हिल व्हिन्सेंट यांनी, बळ्ळारीला मुक्काम करून. टाटांच्या या विमानसेवेला 'एअर इंडिया' हे नावही तेव्हा नव्हते. ते आले १९४६ मध्ये.

गैरसमज : भारतातली पहिली विमानटपाल जुहूला उतरली.

वस्तुस्थिती : तो मान अलाहाबादचा. १८ फेब्रुवारी १९११ रोजी आंरी पेके या फ्रेंच वैमानिकाने तिथून यमुनेपलीकडच्या नैनीला टपाल नेली होती. पण ते एका प्रदर्शनातले उड्डाण होते. जुहूला १९३२ मध्ये सुरू झाली ती ठरल्या दिवशी येणारी नियमित सेवा. तीही बारमाही जुहूहून चालत नसे. भरतीच्या पातळीला लागून असलेले हे मैदान पावसाळ्यात पाण्याखाली जाई आणि टाटांची विमाने पुण्याला मुक्काम हलवत.

गैरसमज : मोठी विमाने चुकून जुहूला उतरल्याच्या गोष्टी दंतकथा आहेत.

वस्तुस्थिती : असे खरोखर घडले आहे. जुलै १९५३ मध्ये ब्रिटिश कंपनी बीओएसीचे 'कॉमेट' जेट इथे उतरले आणि नऊ दिवसांनी पुन्हा उडाले. २४ सप्टेंबर १९७२ रोजी जपान एअरलाइन्सचे डीसी-८ उतरले, पण धावपट्टी संपली तरी थांबेना. विमान भंगारात गेले. सगळे प्रवासी वाचले. घोळाचे कारण नकाशात दिसते. जुहू आणि शेजारच्या सांताक्रूझ या मुंबईच्या मोठ्या विमानतळाच्या धावपट्ट्यांची दिशा जवळपास एकच. समुद्रावरून पूर्वेकडे येणाऱ्या वैमानिकाला जुहूची पट्टी आधी लागते. फरक लांबीचा : सांताक्रूझची मुख्य धावपट्टी सुमारे साडेतीन किलोमीटर, जुहूची ११४३ मीटर.

गैरसमज : सांताक्रूझ आले आणि जुहू संपले, आता तिथे फक्त बड्यांची हेलिकॉप्टरे.

वस्तुस्थिती : १९४८ पर्यंत प्रवासी वाहतूक सांताक्रूझला गेली हे खरे. पण १९७४ मध्ये समुद्रातल्या 'बॉम्बे हाय' क्षेत्रात तेल लागले आणि जुहूला नवे काम मिळाले. किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटरवरच्या तेलफलाटांवर धावपट्टी कुठून असणार? तिथे हेलिकॉप्टरच उतरू शकते. ओएनजीसी या सरकारी तेल कंपनीचे अभियंते, तंत्रज्ञ, कामगार पाळी बदलायला इथूनच जातात आणि समुद्रात कुणी आजारी पडले, तर त्याला घेऊन येणारे हेलिकॉप्टरही इथेच टेकते. म्हणून त्या रिक्षातल्या प्रवाशाला सांगायला हरकत नाही : आहे, आणि रोज कामावर आहे.