गोठवून सुकवलेल्या पॉलिमर चकत्या : मुखाच्या श्लेष्मल त्वचेतून औषधवहन

गिळलेले औषध आतड्यातून शोषले गेल्यावर प्रथम यकृतात जाते. तेथे प्रोप्रॅनोलॉलसारख्या औषधाचा बराच अंश निष्क्रिय होतो. गालाच्या आतील श्लेष्मल त्वचेतील रक्त मात्र मानेतील शिरांद्वारे हृदयाकडे जाते. त्यामुळे यकृतातील हा ऱ्हास टळतो. ज्यांना गोळी गिळता येत नाही, अशा रुग्णांनाही हा मार्ग उपयुक्त ठरतो. परंतु लाळेबरोबर औषध वाहून जाणे ही येथील मुख्य अडचण होय.

यावर वेफर, म्हणजेच पॉलिमरची सच्छिद्र चकती, हा एक उपाय आहे. सोडियम अल्जिनेट, कॅराजीनन किंवा कायटोसन यांच्या जेलमध्ये औषध मिसळून ते गोठवतात व निर्वातात सुकवतात. या क्रियेत बर्फाचे पाणी न होता थेट बाष्पात रूपांतर होते आणि स्फटिकांच्या जागी छिद्रे उरतात. ही छिद्रे लाळ शोषतात, पॉलिमर फुगून गालाला चिकटतो व औषध हळूहळू मुक्त होते.

येथे गोठवण्याचा वेग निर्णायक असतो. जलद गोठवल्यास स्फटिक, पर्यायाने छिद्रे, लहान राहतात. सावकाश गोठवल्यास ती मोठी होतात. मोठ्या छिद्रांत लाळ लवकर शिरते. परंतु सच्छिद्रता फार वाढल्यास चकती हाताळताना तुटण्याचा संभव असतो. म्हणून पॉलिमरच्या निवडीइतकीच गोठवण्याची रीतही काटेकोरपणे ठरविणे आवश्यक आहे.